पराभवाचा धनी कोण?

भात कापून, झोडून घरात आले आणि खाडीकाठची जमीन पायाखाली टणक झाली, की पेणच्या खारेपाटात आणि कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील रोहे तालुक्याच्या गावांत कबड्डीचे दिवस सुरू होतात. रिकाम्या शेतात अंगण आखले जाते, बांबूंना दिवे बांधले जातात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी ध्वनिक्षेपकावरून गुण पुकारले जात असतात. अंतिम सामना संपतो, चषक वाटले जातात, मंडप रिकामा होतो. पण माणसे घरी जात नाहीत. खरा सामना तेव्हा सुरू होतो. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकावर खटला भरला जातो, साक्षी होतात आणि उजाडण्यापूर्वी निकालही लागतो. चार गुणांची आघाडी असताना शेवटच्या तीन मिनिटांत चढाईपटूंना वेळ काढायला का सांगितले नाही? कोपऱ्यातला भरवशाचा खेळाडू मध्यंतरानंतर बाहेर का बसविला? लोण पडणार हे गर्दीतल्या पोरासोरांनाही दिसत असताना टाइम आऊट का घेतला नाही? आरोपी अर्थातच गैरहजर असतो. बहुधा तो मुलांना टेम्पोत बसवून, एखाद्याच्या सुजलेल्या गुडघ्याला बर्फ लावीत परतीच्या वाटेवर असतो.

या वादविवादाकडे रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून पाहणे चूक होईल. हे प्रेक्षक जाणते आहेत. सहा बचावपटू अंगणात असताना बोनस रेषा ओलांडायची की साखळीला हूल द्यायची, हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांतले निम्मे स्वतः कधी ना कधी खेळलेले असतात. शिवाय या मुलखातील माणसाला हिशेब मागण्याची सवय आहे. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांतील शेतकऱ्यांनी, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावयाची की नाही, याचा कौल रांगेत उभे राहून मतपेटीत टाकला होता. हीच माणसे जेव्हा प्रशिक्षकाला जाब विचारतात, तेव्हा तो विचारण्याचा त्यांचा अधिकार मान्यच केला पाहिजे. प्रश्न एवढाच, की ते ज्याला जाब विचारतात त्याच्या हाती नेमके काय असते?

कबड्डीच्या प्रचलित नियमांनुसार पुरुषांचा सामना चाळीस मिनिटांचा असतो. प्रत्येक डावात संघाला तीस सेकंदांचे दोन टाइम आऊट मिळतात. म्हणजे प्रशिक्षकाला आपल्या सात खेळाडूंना एकत्र घेऊन चार शब्द सांगता येतील असा अवधी, मध्यंतर सोडले तर, संपूर्ण सामन्यात अवघा दोन मिनिटांचा. खेळाचा सगळा वेळ तो रेषेबाहेर बसून हातवारे करीत असतो, आणि चढाई तीस सेकंदांची असल्याने त्याचा हातवारा खेळाडूच्या ध्यानात येईपर्यंत प्रसंग उलटून गेलेला असतो. प्रेक्षकांना दिसतो तो हा दोन मिनिटांचा प्रशिक्षक. न दिसणारा प्रशिक्षक वर्षभर पहाटे साडेपाचला मैदानावर उभा असतो: कुणाच्या डाव्या पायाची लाथ आखूड पडते, कोण घोटा धरताना डोळे मिटतो, कुणाला घरी पोटभर मिळत नाही, हे त्याने ताडलेले असते. चर्चा मात्र दोन मिनिटांचीच होते, कारण तेवढेच दिसते. गिरणीतील कामगाराची पाळी न पाहता फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाठीवरून त्याची योग्यता ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे.

अर्थशास्त्रात या अडचणीला जुना इतिहास आहे. १९७२ साली आर्मेन आल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एक साधे उदाहरण घेतले. दोन माणसे मिळून जड ओझे गाडीत चढवितात. नुसते ओझे पाहून कुणी किती जोर लावला हे सांगता येत नाही. एकत्रित श्रमाच्या उत्पादनात व्यक्तीचा वाटा वेगळा काढता येत नाही, म्हणून देखरेख करणारा एक माणूस लागतो, आणि त्याने नीट देखरेख करावी म्हणून सर्वांचा मोबदला चुकवून उरलेली रक्कम त्याची असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. भांडवलदाराच्या नफ्याचे हे समर्थन समाजवाद्यांना पटण्याजोगे नाही, आणि त्याचा प्रतिवादही पुष्कळ झाला आहे. परंतु त्यातले निदान खरे आहे. सात जणांची साखळी जेव्हा एका चढाईपटूला रेषेमागे रोखते, तेव्हा ती पकड घोटा धरणाऱ्याची, मागून खांदा देणाऱ्याची, की तीन महिने तीच हालचाल घोटून घेणाऱ्या प्रशिक्षकाची? गुणलेखकाच्या तक्त्यावर एकाचेच नाव लागते. गंमत अशी, की गावच्या कबड्डीत या दोघा अर्थशास्त्रज्ञांच्या सिद्धान्तालाच कोलांटी मिळाली आहे: देखरेख प्रशिक्षकाने करावयाची, उरलेसुरले यश मंडळाने आणि मंडळामागच्या पुढाऱ्याने घ्यावयाचे, आणि तोटा तेवढा पुन्हा प्रशिक्षकाच्या खाती मांडावयाचा.

रोह्याच्या रसिकांना यासंबंधीचा धडा घरबसल्या मिळाला होता. जानेवारी २०१९ मध्ये ६६ वी वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा रोह्यात भरली. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबाद येथे महाराष्ट्राच्या पुरुषांनी रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे हरवून, दशकाहून अधिक काळाच्या खंडानंतर अजिंक्यपद मिळविले होते. साहजिकच घरच्या मैदानावर ते राखले जावे, ही अपेक्षा होती. रोह्यात चषक उचलला तो भारतीय रेल्वेने. अशा वेळी महाराष्ट्राच्या प्रशिक्षकाचे काय चुकले, हा प्रश्न सर्वात आधी ओठांवर येतो. आणि डावपेचांत काही चुकलेही असेल. पण रेल्वेचा संघ म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारावयास हवा. रेल्वेचा खेळाडू हा रेल्वेचा नोकर असतो. त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, सरावासाठी रजा मिळते, दुखापत झाली तर दवाखाना असतो, आणि भरती देशभरातून होत असल्यामुळे हरयाणाचा चढाईपटू व दक्षिणेचा कोपरारक्षक एकाच संघात असतात. सेनादलाचेही तसेच. राज्याच्या प्रशिक्षकाच्या वाट्याला येतात ते निवड समितीने निवडून दिलेले बारा खेळाडू आणि स्पर्धेपूर्वीचे थोड्या दिवसांचे शिबिर. ही लढत दोन प्रशिक्षकांमधली नव्हतीच. नोकरीची हमी असलेला खेळाडू आणि ती नसलेला खेळाडू यांच्यातली ती लढत होती. सार्वजनिक क्षेत्रातील नोकरभरती आटत गेली, तसतसा खेळाडूंच्या पायाखालचा हा आधारही आटत गेला, याची नोंद क्रीडापृष्ठांवर फारशी होत नाही.

प्रशिक्षकाच्या नावाने चाललेल्या वादात निवड करणारे नामानिराळे कसे राहतात, याचे सर्वात मोठे उदाहरण २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचे. १९९० साली बीजिंगमध्ये कबड्डीचा समावेश झाल्यापासून २०१४ पर्यंत सातही वेळा पुरुषांचे सुवर्णपदक भारताकडे आले होते. २३ ऑगस्ट २०१८ रोजी उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरविले. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला, २७-२४ असा. चोवीस तासांत दोन सिंहासने गेली. देशभर प्रशिक्षकांवर झोड उठली. आणि मग लोकांच्या ध्यानात आले, की इराणच्या विजयी मुलींचा प्रशिक्षकही भारतीयच आहे; इतकेच नव्हे, तर ती महाराष्ट्रातील स्त्री आहे. नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकविणाऱ्या शैलजा जैन सुमारे दीड वर्षापूर्वी इराणला गेल्या होत्या. परकी भाषा, परके अन्न, मुलींचे वेगळे संस्कार, यांतून वाट काढीत त्यांनी योगासने आणि प्राणायाम सरावाच्या दिनक्रमात बसविले, खेळाडूंशी बोलता यावे म्हणून फारसी शिकून घेतली, आणि ज्या देशाच्या संघाचे प्रशिक्षकपद आपल्याला मिळाले नाही त्याच देशाच्या संघाला अंतिम सामन्यात हरविले.

भारताच्या प्रशिक्षकांनी काय चुका केल्या यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. परंतु नाशिकची ही बाई भारताच्या नव्हे, तर इराणच्या बाकावर का बसली होती, हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर प्रशिक्षकांच्या बाकावर सापडले नसते. ते महासंघाच्या कार्यालयात शोधावे लागले असते, आणि तेथे तर न्यायालयच पोहोचले होते. अखिल भारतीय हौशी कबड्डी महासंघाची सूत्रे दीर्घकाळ एकाच कुटुंबाच्या हाती राहिल्याच्या तक्रारीवरून दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच ऑगस्ट महिन्यात पदाधिकाऱ्यांची निवड रद्द ठरविली आणि प्रशासक नेमला. आशियाई स्पर्धेसाठी झालेल्या निवडीवरही आक्षेप होते. त्यांचा निवाडा मैदानावरच व्हावा म्हणून न्यायालयाच्या आदेशानुसार १५ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत, निवडलेले आणि डावललेले यांच्यात सामना ठेवण्यात आला. डावललेले खेळाडू हजर राहिले. जकार्ताहून आलेला संघ फिरकलाच नाही. निवड समिती, तिला नेमणारा महासंघ आणि महासंघाला मते देणाऱ्या संघटना, अशी ही साखळी आहे, आणि तिच्यातल्या एकाचीही मुलाखत पराभवानंतर दूरदर्शन वाहिन्यांवर झळकली नाही. प्रशिक्षकाचा चेहरा मात्र सामना चालू असतानाच कॅमेऱ्याने वारंवार जवळून दाखविला होता. हांगझू येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही सुवर्णपदके परत आली. पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक होते ई. भास्करन. गुन्हेगार शोधणारे तेव्हा शिल्पकार शोधू लागले.

चेहरा जवळून दाखविण्याची ही रीत २०१४ साली प्रो कबड्डी लीगबरोबर आली. तिने खेळाला प्रतिष्ठा दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पेण-रोह्याच्या मुलाला आपला खेळ हिंदी चित्रपटाच्या नटांशेजारी झळकताना दिसला आणि मैदानावरची गर्दी वाढली. पण त्याचबरोबर खेळाडूच्या डोक्यावर किमतीची चिठ्ठीही लागली. पहिल्या लिलावात सर्वात मोठी बोली राकेश कुमारसाठी १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. खेळाडूची किंमत अशी चारचौघांत पुकारली जाते. प्रशिक्षकाचा लिलाव होत नाही. त्याचा करार मालक आणि तो यांच्यातच राहतो, आणि तो कधी संपेल हेही बहुधा मालकालाच ठाऊक असते.

लीगमधीलच एक उदाहरण प्रशिक्षकविषयक वादाची सारी विसंगती उघड करते. बंगळूरु बुल्स या संघाचे प्रशिक्षकपद पहिल्या हंगामापासून रणधीर सिंग यांच्याकडे होते. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. अंतिम सामन्यात पवन सेहरावतने एकट्याने २२ गुण घेतले. तेव्हा रणधीर सिंग यांच्या पारखी नजरेचे गोडवे गायले गेले. २०२४ च्या अकराव्या हंगामात त्याच संघाला २२ सामन्यांत अवघे २ विजय मिळाले, आणि त्याच माणसाला आधुनिक कबड्डी कळत नाही, असे ठरले. पुढच्या हंगामात त्या जागी बी. सी. रमेश आले. पाच वर्षांत एखाद्याची विद्या इतकी आटते काय? की दोन्ही वेळा लोकांनी त्याच्या विद्येऐवजी संघात कोण आहे, कोण नाही, कोण जखमी आहे, आणि नशिबाचे दान कसे पडले, यालाच प्रशिक्षकाचे नाव दिले?

नशिबाचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मानसशास्त्रज्ञ असूनही अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे डॅनियल कानेमन यांनी इस्रायली हवाईदलातील प्रशिक्षकांची हकिकत नोंदविली आहे. चांगले उड्डाण केलेल्याची स्तुती केली, की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणावर खडसावले की पुढचे सुधारते, असा त्या प्रशिक्षकांचा अनुभव. म्हणून खडसावणे हाच खरा उपाय, असा निष्कर्ष. कानेमन यांनी दाखवून दिले, की असामान्य चांगल्या किंवा असामान्य वाईट कामगिरीनंतरची कामगिरी तशीही सरासरीकडेच वळते. स्तुतीचा वा शिव्यांचा त्यात हात असेलच असे नाही. नेदरलँड्समधील व्यावसायिक फुटबॉलचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना हेच आढळले. सलग पराभवांनंतर प्रशिक्षक बदलणारे संघ सुधारतात खरे, पण तशाच पराभवांनंतर प्रशिक्षक न बदलणारे संघही जवळजवळ तितकेच सुधारतात. मालकाला मात्र आपण काही तरी केले, हे दाखविता येते, आणि प्रेक्षकाला आपले ऐकले गेले याचे समाधान मिळते.

या समाधानाची बाजारपेठ अमेरिकेत किती पसरली आहे, हे तिथल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलवरून कळते. तिथे कितीतरी राज्यांत सरकारी तिजोरीतून अथवा सार्वजनिक विद्यापीठातून सर्वाधिक वेतन घेणारा माणूस राज्यपाल नसतो, शास्त्रज्ञ नसतो. तो विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. दोन हंगाम वाईट गेले, की त्याला हाकलण्यासाठी माजी विद्यार्थी आणि देणगीदार गर्दी करतात. ज्यांच्या घामावर हे उत्पन्न उभे राहते, त्या विद्यार्थी खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलरही मिळू नये, असा नियम तिथे दशकानुदशके होता. २०२१ मध्ये त्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. तेथे प्रशिक्षक कोट्यधीश आणि खेळाडू हौशी. येथे मोजक्या खेळाडूंवर कोटींची बोली आणि त्यांना घडविणारा पहिला प्रशिक्षक बिनपगारी. दोन्हीकडे वाद मात्र प्रशिक्षकाचाच. आणि ज्या जॉन वूडन यांना अमेरिकन बास्केटबॉलचे महर्षी मानले जाते, त्यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाची सूत्रे १९४८ मध्ये घेतली होती. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांना १९६४ मध्ये मिळाले. ते धरून १९७५ पर्यंत त्यांनी दहा अजिंक्यपदे मिळविली. पहिल्या पंधरा वर्षांत आजच्या हिशेबाने त्यांची किती वेळा हकालपट्टी झाली असती, याची गणती वाचकांनीच करावी.

आता पुन्हा खारेपाटाकडे वळावे लागेल, कारण खरा अन्याय तेथे आहे. लीगच्या प्रशिक्षकाला शिव्या खाण्याचे निदान पैसे मिळतात. गावच्या प्रशिक्षकाला लोक आता दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या मापाने मोजतात, परंतु त्याच्या हाती दूरचित्रवाणीवरचे काहीच नसते. तो बहुधा धाटावच्या रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामगार असतो, डोलवीच्या पोलाद प्रकल्पात पाळीवर असतो, रिक्षा चालवितो किंवा शाळेत शिपाई असतो. रात्रपाळी संपवून तो तसाच मैदानावर येतो. लीग मॅटवर, जिल्ह्याच्या निवड चाचण्याही पुष्कळदा मॅटवर, आणि त्याची मुले मातीत. मातीत घसरून घातलेली पकड मॅटवर गुडघा सोलून काढते, आणि मॅटवरचे बूट मातीत निरुपयोगी. पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलात जाते. छपराखालची जागा गावात असते ती देवळाचा मंडप वा शाळेचा व्हरांडा. पेण आणि हमरापूर परिसरातील मुले तर गणेशोत्सवापूर्वीचे दोन-तीन महिने रात्र रात्र मूर्तींच्या कारखान्यांत काम करतात. घरचा वर्षाचा किराणा त्यावर अवलंबून असतो. त्या काळात सरावाला ये, असे कुठल्या तोंडाने सांगावे? ऑक्टोबरमध्ये मुले परत येतात तेव्हा श्वास तुटलेला असतो. 'चॅम्पियनला दम का नाही' असे जानेवारीत विचारणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये तो मुलगा कुठे होता, हे ठाऊक नसते असेही नाही. तो कदाचित त्यांच्याच कारखान्यात होता.

शाळेकडून हा भार उचलला जाईल, अशी एके काळी अपेक्षा होती. गावोगावच्या माध्यमिक शाळांतील पी. टी. मास्तरांनी खरोखरच दोन पिढ्या घडविल्या. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकच पुरेसा मानला, आणि तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. खाडीकाठच्या कितीशा वाड्यापाड्यांतील शाळांची पटसंख्या शंभराच्या वर भरते? शिक्षणाचा हक्क देणाऱ्या कायद्यानेच खेळाचा शिक्षक अंशकालीन करून टाकला, आणि त्याच्या जागी गावातील हौशी माणूस आपोआप उभा राहिला. शासनाने जी जबाबदारी सोडली, ती त्याने फुकट उचलली. त्याचे श्रम उत्पादनाच्या कुठल्याच मोजमापात येत नाहीत, जसे घरातल्या बाईचे येत नाहीत. फरक इतकाच, की स्वयंपाक बिघडला म्हणून सारा गाव रात्रभर चर्चा करीत बसत नाही.

स्पर्धांकडे पैसा नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. मंडप, दिवे, जनित्र, ध्वनिक्षेपक, मोबाईलवर थेट प्रक्षेपण करणारे, पाहुण्यांच्या शाली आणि श्रीफळे, पुढाऱ्याच्या छायाचित्राचे फलक, आणि चार चषक: एका रात्रीचा खर्च गावाच्या ऐपतीच्या मानाने लहान नसतो. उत्कृष्ट चढाईपटूला बक्षीस असते, उत्कृष्ट पकडीला असते, स्पर्धेच्या सर्वोत्तम खेळाडूला तर कधी मोटारसायकलही असते. निवडणूक जवळ असली, की बक्षिसांचे आकडे फुगतात. व्यासपीठावर पन्नास जणांचे सत्कार होतात. त्यांत प्रशिक्षकाचे नाव क्वचितच असते, आणि असलेच तर ते हार-तुऱ्यापुरते. १५ जुलै हा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. ज्या माणसाने या खेळासाठी देश पालथा घातला, त्याच्या नावाने त्या दिवशी भाषणे होतात. त्याच दिवशी भरपावसात व्हरांड्यात मुलांना श्वास टिकवायला शिकविणाऱ्याच्या खिशातूनच चेंडू-दोऱ्यांचे आणि मलमपट्टीचे पैसे गेलेले असतात.

याचा अर्थ प्रशिक्षकाला कुणी बोलूच नये, असा नव्हे. बिनपगारी काम करणारा माणूस संतच असतो, हा गैरसमज कार्यकर्त्यांनी तरी करून घेऊ नये. पुतण्याला संघात घेणारे प्रशिक्षक आहेत, दुखरा पाय लपवून मुलाला अंगणात ढकलणारे आहेत, शिवी आणि छडी यांनाच शिस्त समजणारे आहेत. मुलींच्या संघांच्या बाबतीत तर विचारलेच पाहिजे असे पुष्कळ प्रश्न आहेत, आणि ते विचारले जात नाहीत: प्रवासात बरोबर कोणती जबाबदार स्त्री होती, मुक्काम कुठे होता, तक्रार करावयाची तर कुणाकडे? अंतिम सामन्यातील टाइम आऊटवर रात्र जागविणारे रसिक या प्रश्नांवर पाच मिनिटेही घालवीत नाहीत. चार वर्षांपूर्वी मैदानावर आलेल्या वीस मुलींपैकी आज किती खेळतात, किती दहावीनंतर थांबल्या, आणि थांबल्या त्या लग्नामुळे की मैदानावरच्या वागणुकीमुळे, हे मोजले, तर प्रशिक्षकाची खरी परीक्षा होईल. बाराव्या क्रमांकाच्या मुलाला हंगामात किती मिनिटे खेळावयास मिळाली, हेही मोजता येण्याजोगे आहे. यासाठी क्रीडाशास्त्राची पदवी लागत नाही; एक वही लागते.

एक गोष्ट येथे ओघाने सांगितली पाहिजे. निवडणुकीत उमेदवार पडला, की पक्षाच्या बैठकीतही हेच घडते. उमेदवाराचे भाषण पडले, प्रचारप्रमुखाचे नियोजन फसले, अमक्याने शेवटच्या रात्री काम केले नाही, अशी चर्चा पहाटेपर्यंत चालते. आणि तीन वर्षे त्या गावात कुणी गेलेच नव्हते, ही गोष्ट इतिवृत्तात येत नाही. कबड्डीच्या मैदानावरील खटल्याला हसणाऱ्या कार्यकर्त्यांनी हसण्यापूर्वी आपल्या शाखेची मागील तीन इतिवृत्ते वाचावीत.

पेण आणि रोहे तालुक्यांतील कित्येक क्रीडामंडळांत पक्षाचे कार्यकर्ते पदाधिकारी आहेत, सहानुभूतीदार तर अनेक आहेत. त्यांच्या हाती काही गोष्टी आजच आहेत. स्पर्धेचा जमाखर्च शेवटच्या रात्री ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखविता येतो. जेथे गुण पुकारले जातात तेथे रुपये पुकारायला हरकत काय? जमेतला ठरावीक हिस्सा सहभागी संघांच्या प्रशिक्षकांना प्रवासखर्च आणि मानधन म्हणून बाजूला काढता येतो, जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला सारखाच. 'सेवेचे पैसे कसले' असे यावर म्हटले जाईल. म्हणणारे बहुधा ते असतील, ज्यांना स्वतः पाळी बुडवून मैदानावर जावे लागत नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीत कोणाला कोणी किती गुण दिले, तो तक्ता मैदानावरच लावण्याची मागणी करता येते. शाळांतील शारीरिक शिक्षकांची पदे हा तर विधिमंडळात नेण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी दोन्ही तालुक्यांतील शाळांची पटसंख्या आणि तेथे खेळ शिकविणाऱ्याचे नाव, एवढी यादी गावोगावच्या मंडळांकडून आधी गोळा करावी लागेल. भाताची झोडणी आटोपली, की मंडळे स्पर्धांच्या तारखा ठरविण्यासाठी एकत्र बसतात. यादीचे कागद त्याच बैठकीत वाटता येतील.